भरती, पाऊस आणि सिस्टिम्स इंजिनिअरिंग

नवी मुंबईत पावसाळ्यात एखाद्या सेक्टरमध्ये पाणी का तुंबले असे विचारले, तर प्रत्येकाकडे स्वतःपुरते बरोबर उत्तर असते. नाला साफ करणाऱ्या ठेकेदाराने मे महिन्यात गाळ काढलेला असतो आणि त्याची छायाचित्रेही त्याच्याजवळ असतात. पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या धारण तलावाच्या दारांची देखभाल करणारा सांगतो की झडपा व्यवस्थित मिटतात आणि उघडतात. पंपहाउसमधला ऑपरेटर पंप चालू असल्याची नोंद दाखवतो. भरती किती वाजता आणि किती मीटरची होती, हे तर आधीच छापलेल्या तक्त्यात असते. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो आणि तरीही रस्त्यावर गुडघाभर पाणी असते. सुटे भाग आपापल्या जागी ठीक असताना सगळ्यांचे मिळून जे काम व्हायला हवे होते ते होत नाही, अशा प्रसंगांचा पद्धतशीर विचार करणारी जी शाखा आहे, तिला सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणतात.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जुळवून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले. कामाच्या ओघात या शाखेच्या मूळ कल्पना शिकलो; पुस्तके त्यानंतर वाचली. नव्याने नोकरीला लागलेली मुले या कल्पनांविषयी विचारतात तेव्हा त्यांना रॉकेट आणि विमानांची उदाहरणे मिळतात, कारण पुस्तकांत तीच असतात. ते स्वाभाविकही आहे. ही शब्दयोजना १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये रुळली, क्षेपणास्त्रांच्या आणि अंतराळ मोहिमांच्या कामांत ती पद्धत म्हणून घट्ट झाली, १९९० मध्ये तिच्या अभ्यासकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि २००२ मध्ये आयएसओ १५२८८ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानकही आले. परंतु ज्या शहरात आपण राहतो त्याची जमीनच मुळात एका प्रणालीच्या भरवशावर कोरडी राहते, तेव्हा उदाहरणासाठी फार लांब जाण्याची गरज नाही.

१७ मार्च १९७० रोजी सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि खाडीच्या पूर्वेकडे नवे शहर वसवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांतली खाडीकाठची बरीच जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. ती सगळी भराव टाकून भरतीच्या वर आणणे हा एक मार्ग होता. त्याचा हिशोब अगदी सोपा आहे. एक चौरस किलोमीटर जमीन एक मीटरने उचलायची तर दहा लाख घनमीटर मुरूम लागतो. दहा घनमीटरचा एक डंपर धरला तर एक लाख फेऱ्या होतात, आणि तो मुरूम कोणत्या तरी डोंगरातूनच आणावा लागतो. दुसरा मार्ग, जो बऱ्याच भागात स्वीकारला गेला, तो असा की भराव बेताचाच करायचा, खाडीच्या बाजूने बांध घालायचा आणि बांधाच्या आत मोठे तलाव राखून ठेवायचे. पावसाचे पाणी नाल्यांतून तलावात येते. ओहोटीला तलावाची पातळी खाडीपेक्षा वर असते, तेव्हा पाण्याच्या दाबानेच झडपा उघडतात आणि तलाव रिकामा होतो. भरतीला खाडीची पातळी वर चढते, तेव्हा त्याच दाबाने झडपा मिटतात आणि तेवढा वेळ पडणारा पाऊस तलाव पोटात साठवतो. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते, त्यामुळे हा खेळ दिवसातून दोनदा चालतो. या पद्धतीला सर्रास डच पद्धत म्हटले जाते. ठाणे आणि रायगडच्या खारजमिनीत भातशेती करणाऱ्यांनी बांध आणि उघाड्या, म्हणजे पाणी सोडण्याची दारे, बांधून हेच तत्त्व पिढ्यानपिढ्या वापरले, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

आता या व्यवस्थेची हद्द कुठे आखायची? सिस्टिम्स इंजिनिअरिंगमधला हा पहिला प्रश्न आहे आणि माझ्या मते सर्वांत अवघडही हाच आहे. तलावाचा काठ हीच हद्द मानली, तर नाल्यातून येणारे पाणी हे बाहेरून येणारे आदान ठरते आणि ते किती येते याची जबाबदारी तलाव बांधणाऱ्यावर राहत नाही. हद्द सेक्टरभर पसरवली, तर घरांची छपरे, सोसायट्यांची फरसबंद आवारे आणि रस्त्याकडेच्या गटारांच्या जाळ्या आत येतात. पारसिकच्या डोंगरापर्यंत नेली, तर उतारावरून वाहून येणारी मातीही आत येते. पाठ्यपुस्तकातला नियम असा की जे आपण बदलू शकतो ते प्रणालीच्या आत धरावे, आणि जे बदलू शकत नाही पण ज्याचा आपल्यावर परिणाम होतो ते तिचे पर्यावरण मानावे. या नियमाने भरती आणि पाऊस बाहेर राहतात, तलाव आणि झडपा आत येतात, आणि इथपर्यंत कोणाची तक्रार नसते.

अडचण तिसऱ्या वर्गाची असते, आणि पुस्तकांत त्याला मिळते त्यापेक्षा कितीतरी अधिक जागा मिळायला हवी असे मला वाटते. जे आपल्या हातात नाही, पण दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे, ते या वर्गात मोडते. भरती कोणीच बदलू शकत नाही, म्हणून तिचा हिशोब सगळेच करतात. सोसायटीने आवारातली माती काढून पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही हे सोसायटी ठरवते. डोंगराच्या उतारावर खोदकाम होऊ द्यायचे की नाही हे आणखी कोणी ठरवते. आणि तलावाचा आराखडा करणाऱ्याने मात्र या दोन्ही गोष्टी निसर्गासारख्या स्थिर धरलेल्या असतात. गृहीतक चुकीचे असणे हा यातला मोठा दोष मी मानत नाही, कारण आराखड्याच्या वेळी ते बरोबरच असते. ते कोणाच्या भरवशावर केले आहे याची नोंद नसणे हा मोठा दोष आहे, कारण मग ज्याच्या निर्णयाने ते मोडते त्याला आपण काही मोडले याचा पत्ताच लागत नाही. प्रणालीच्या इतर सर्व कल्पना मला या एका मुद्द्याभोवतीच फिरताना दिसतात.

आवश्यकतेचेच घ्या. रहिवाशांची गरज एवढीच असते की पाणी तुंबू नये. या वाक्यावरून तलाव बांधता येत नाही, कारण किती पावसात, किती वेळ आणि खाडी कोणत्या पातळीला असताना, हे त्यात नाही. गरजेचे मोजता येईल अशा विधानात रूपांतर केले की त्याला आवश्यकता म्हणतात, आणि हे रूपांतर करतानाच बहुतेक प्रकल्पांचे भवितव्य ठरते. खाडीपलीकडच्या मुंबईचे उदाहरण बोलके आहे. तिथली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे पाणी वाहून येईल, या हिशोबाने आखलेली होती. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याविषयीच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हे दोन्ही आकडे दुप्पट करण्याची शिफारस केली. पाऊस ताशी ५० मिलिमीटर आणि वाहून येणारे पाणी शंभर टक्के. पहिल्या बदलाला पावसाचे कारण देता येईल. दुसऱ्याचे कारण शहर आहे, कारण मोकळी माती उरली नाही म्हणून पाणी मुरायचे थांबले. जमीन अर्धे पाणी पिऊन टाकते हे जुन्या आराखड्यातले विधान त्या तिसऱ्या वर्गातले होते.

हे आकडे एखाद्या कल्पित तलावाला लावून पाहू. शंभर हेक्टरचा भाग आहे, ताशी ५० मिलिमीटर पाऊस सलग तीन तास पडतो आणि तेवढा वेळ भरतीमुळे झडपा मिटलेल्या आहेत. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी, तेव्हा एकूण दीड लाख घनमीटर पाणी पडले. निम्मे मुरले तर ७५,००० घनमीटर तलावात येईल. तलाव पाच हेक्टरचा असेल तर पातळी दीड मीटर चढेल आणि दीड मीटरची जागा राखलेली असेल तर सगळे सुखरूप पार पडेल. आता तीस वर्षांनी तलावात अर्धा मीटर गाळ साचला आहे आणि वरचा भाग पूर्ण काँक्रीटचा झाला आहे असे धरा. तलावात मावणारे पाणी ५०,००० घनमीटर, येणारे दीड लाख. उरलेले एक लाख घनमीटर सर्वांत सखल अशा वीस हेक्टरांत पसरले, तर तिथे सरासरी अर्धा मीटर पाणी उभे राहील. यात नाला तुंबलेला नाही, झडप अडकलेली नाही आणि पाऊसही विक्रमी नाही.

आणि विक्रमी पाऊसही पडतोच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एवढ्या पावसासाठी तलाव बांधा असे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. मात्र आवश्यकतेच्या कागदावर आणखी एक ओळ हवी, जी सहसा नसते: मर्यादा ओलांडली गेल्यावर प्रणालीने कसे बिघडावे. पाणी आधी मैदानात शिरावे की विजेच्या सबस्टेशनमध्ये, हे ठरवता येते, आणि ते ठरवण्याची वेळ जमिनीच्या पातळ्या निश्चित करतानाची असते. रुग्णालयाचा जनरेटर तळघरात ठेवणे ही तलावाशी संबंध नसलेली बाब वाटते, पण हद्द मोठी आखली की तीही या हिशोबात येते.

भागांना जोडणाऱ्या सांध्यांना इंटरफेस म्हणतात. इंटरफेसचे महत्त्व सांगताना मी तलाव बाजूला ठेवून रोजच्या लोकलकडे वळतो, कारण विजेवर चालणारी देशातली पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याला गेली ती हार्बर मार्गाने, आणि त्याच हार्बर मार्गावरचा १५०० व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) पुरवठा जाऊन एप्रिल २०१६ मध्ये २५,००० व्होल्टचा एसी (दिशा सतत बदलणारा) पुरवठा आला. हे स्थित्यंतर सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या वर्गात शिकवावे असे आहे. वरवर पाहता बदल एकच होता. व्होल्टेज जवळपास सतरा पट झाले की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सतरा पट कमी लागतो. म्हणून वीज पुरवणारी उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात आणि तारेत वाया जाणारी ऊर्जा घटते. केवळ वीजपुरवठ्याची हद्द आखून पाहिले तर फायद्याचा सौदा आहे.

परंतु २५,००० व्होल्टच्या तारेला आजूबाजूच्या लोखंडापासून आणि दगडी कमानींपासून अधिक अंतर लागते, आणि मुंबईतले ब्रिटिशकालीन पूल तेवढी उंची धरून बांधलेले नव्हते. कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पूलच नव्याने बांधण्याची वेळ आली. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला त्यामागे हे एक मोठे कारण होते. गाड्या तर बदलाव्या लागल्याच, पण एका रात्रीत साऱ्या मार्गाचा पुरवठा बदलणे शक्य नसल्यामुळे मधली काही वर्षे दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या गाड्या ठेवाव्या लागल्या. प्रणाली बदलताना मधल्या काळासाठी एक वेगळीच प्रणाली बांधावी लागते आणि तिचा खर्च, तिची चाचणी आणि तिचे धोके स्वतंत्रपणे मोजावे लागतात, हे नव्या प्रकल्पाच्या उत्साहात हमखास विसरले जाते.

त्याहून सूक्ष्म सांधा सिग्नलचा आहे. रुळाच्या एका तुकड्यावर गाडी आहे की नाही हे ओळखण्यासाठी त्या रुळांतूनच एक क्षीण प्रवाह सोडलेला असतो. गाडीच्या चाकांनी तो दोन रुळांमध्ये जोडला गेला की रिले, म्हणजे त्या प्रवाहावर चालणारा स्विच, सुटतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. अडचण अशी की इंजिनाने तारेतून घेतलेली वीज परत जाते तीही याच रुळांतून. म्हणून जिथे गाड्या डीसीवर धावतात तिथे ट्रॅक सर्किट एसीचे ठेवतात आणि जिथे गाड्या एसीवर धावतात तिथे ते डीसीचे ठेवतात, जेणेकरून गाडीचा परतीचा प्रवाह आणि गाडी ओळखणारा प्रवाह यांची गफलत होऊ नये. तारेतला पुरवठा बदलायचा म्हणजे सिग्नलची ओळखण्याची पद्धतही उलटी करायची. वीजपुरवठ्याचा अभियंता आणि सिग्नलचा अभियंता वेगळ्या खात्यांत बसतात, त्यांचे आराखडे वेगळे असतात, आणि या दोघांना जोडणारी वस्तू, म्हणजे रूळ, तिसऱ्याच खात्याच्या ताब्यात असते. इंटरफेस असा असतो: त्याचा मालक कोणीच नसतो, म्हणून त्यासाठी कागद लागतो. दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या त्या कागदाला इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट असे भारदस्त नाव आहे. त्यात कोणती बाजू काय देणार, कोणत्या एककात देणार, किती वेळात देणार आणि न दिल्यास दुसऱ्या बाजूने काय समजायचे, एवढे चार मुद्दे स्पष्ट असले तरी पुष्कळ झाले. मी पाहिलेल्या बहुतेक कागदांत पहिले तीन असतात आणि चौथा नसतो.

सांध्यांतूनच प्रणालीचे असे गुण उगवतात जे कोणत्याही एका भागात नसतात. त्यांना उद्भूत गुणधर्म म्हणतात. सेक्टर कोरडा राहणे हा नाल्याचा गुण नाही आणि तलावाचाही नाही. दर तीन मिनिटांनी सुरक्षितपणे गाडी येणे हा ना गाडीचा गुण आहे ना सिग्नलचा. वाईट गुणही असेच उगवतात. नव्या इमारतींसाठी भराव उंच केला की शेजारचे जुने गावठाण आपोआप खोलगट होते. भरावाचे काम चोख झालेले असते आणि गावठाणात कोणी एक कुदळही मारलेली नसते, पण पाणी तिथे जमू लागते. या विषयावर अधिक तात्त्विक लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो होत नाही. उद्भूत गुणांची यादी आधी करता येत नाही, पण सांध्यांची यादी करता येते आणि अभियंत्याने ती करावी, एवढेच मला त्यातून घेण्यासारखे वाटते.

काम पूर्ण झाल्यावर दोन प्रश्न विचारले जातात आणि ते एकच आहेत असे समजण्याची चूक फार होते. आराखड्यात लिहिले तसे बांधले का, ही पडताळणी. ज्यासाठी बांधले ते त्याने साधले का, हे प्रमाणन. झडपेची कारखान्यात चाचणी घेतली, ती ठरलेल्या दाबाला गळली नाही, हे पडताळणीत आले. उधाणाच्या दिवशी मुसळधार पावसात सेक्टर कोरडा राहिला की नाही, हे प्रमाणनात. पडताळणी निरीक्षणाने, विश्लेषणाने, प्रात्यक्षिकाने किंवा चाचणीने करता येते. प्रमाणनासाठी पाऊस मागवता येत नाही, म्हणून तिथे गणिती प्रतिकृतीवर भिस्त ठेवावी लागते आणि त्या प्रतिकृतीतली गृहीतकेही पुन्हा तपासावी लागतात. ठेकेदाराचे बिल पडताळणीवर निघते. रहिवाशाला प्रमाणनाशी कर्तव्य असते. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची जी प्रसिद्ध आकृती आहे, जिच्या डाव्या भुजेवर गरजेपासून सुट्या भागापर्यंत उतरायचे आणि उजव्या भुजेवर चाचण्या घेत पुन्हा वर चढायचे, ती या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात दाखवते. आकृती उपयुक्त आहे, पण इतकी सुबक आहे की चढताना सापडलेल्या दोषासाठी पुन्हा खाली उतरावे लागते आणि त्याला पैसे लागतात, हे पाहणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

जुना, तपासलेला भाग नव्या प्रणालीत बसवताना हा फरक जिवावर बेततो. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत, ३,७०० मीटरच्या आसपास उंचीवर असताना वाट सोडून फुटले. त्याची दिशा मोजणारी यंत्रणा एरियान ४ वरून जशीच्या तशी घेतली होती आणि तिथे ती निर्दोष चालली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा झपाट्याने वाढत होता. त्यावरून काढलेली एक संख्या १६ बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ च्या मर्यादेत, मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. त्याहून बोधक गोष्ट अशी की ती संख्या काढणाऱ्या गणनेचा उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता. ती जुन्या अग्निबाणाच्या सोयीसाठी काही सेकंद चालू ठेवलेली होती आणि नव्यातही तशीच राहिली. पर्यायी यंत्रणाही होती. तिच्यात तेच सॉफ्टवेअर होते, म्हणून ती त्याच कारणाने, आणि मुख्य यंत्रणेच्या आधीच, बंद पडली होती.

हा शेवटचा मुद्दा आमच्या औद्योगिक पट्ट्यात मी इतक्या रूपांत पाहिला आहे की त्यावर थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. पंपहाउसमध्ये एक चालू पंप आणि एक स्टँडबाय पंप असतो, आणि कागदावर विश्वासार्हता दुप्पट नव्हे तर कितीतरी पट वाढलेली दिसते: एका पंपाची ऐनवेळी बंद पडण्याची शक्यता शंभरात एक असेल तर दोन्ही एकदम बंद पडण्याची दहा हजारांत एक. हे गणित खरे आहे, पण दोन्ही पंपांची बंद पडण्याची कारणे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. प्रत्यक्षात दोघांचे स्टार्टर एकाच पॅनेलमध्ये असतात, पॅनेलला वीज आणणारा एकच फीडर असतो, दोघेही एकाच पातळी मोजणाऱ्या सेन्सरच्या इशाऱ्यावर सुरू होतात आणि दोघांच्या तोंडाशी एकच जाळी असते, जी पहिल्याच मोठ्या पावसात प्लास्टिकने भरते. एका कारखान्यात मी विचारले होते की स्टँडबाय पंप शेवटचा कधी चालवला, तर तो नवा राहावा म्हणून चालवत नाही असे उत्तर मिळाले. दुसरा पंप विकत घेण्याआधी जाळी, सेन्सर आणि फीडर यांतले काय दोघांत सामाईक आहे याची यादी करणे स्वस्त पडते. ती यादी खरेदी विभाग करत नाही आणि पंपाचा विक्रेता तर करणारच नाही. ते सिस्टिम्स इंजिनिअरचे काम आहे.

प्रणालीला आयुष्य असते आणि त्या आयुष्यातला बांधकामाचा काळ सर्वांत छोटा असतो. धारण तलावांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली, म्हणजे नियोजन करणारी संस्था एक, सिडको, आणि पुढे सांभाळणारी दुसरी, असे या शहराच्या बऱ्याच सुविधांचे झाले आहे. यात गैर काही नाही. जगभर असेच चालते. पण हस्तांतरणात वास्तू, चाव्या आणि नकाशे दिले जातात, आणि तलावाचा तळ अमुक पातळीच्या वर येता कामा नये, एवढे चढल्यास साठवण एवढी घटते, असे आराखड्यामागचे तर्क बहुधा दिले जात नाहीत, कारण ते कुठल्या यादीत बसत नाहीत.

दरम्यान तलाव आपल्या परीने बदलत राहतात. गाळ आला, भरतीचे खारे पाणी थोडे थोडे आत येत राहिले आणि गाळावर खारफुटी उगवली. आज काही तलावांत कांदळवन दाट झालेले आहे आणि तिथे पक्षी उतरतात. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीला बंदी घालणारा निकाल दिला. सार्वजनिक हितासाठी ती गरजेची आहे हे पटवून न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय झाडे काढता येत नाहीत. त्यामुळे गाळ उपसणे, जे मूळ आराखड्यात साधे देखभालीचे काम असणार, ते आता न्यायालयाच्या दारात जाणारे काम झाले आहे. यावर समाजमाध्यमांत दोन तट पडलेले दिसतात, आणि दोघेही तलावाकडे एकाच हेतूची वस्तू म्हणून पाहतात. प्रणालीच्या भाषेत बोलायचे तर तलावाला एक नवा हितसंबंधी मिळाला आहे आणि आवश्यकतांचा कागद पुन्हा लिहिण्याची वेळ आली आहे. साठवण आणि वन दोन्ही राखायचे असतील तर किती भागातला गाळ काढायचा, उरलेल्या तुटीसाठी पंप किती वाढवायचे, वरच्या भागात पाणी मुरवण्याची सक्ती कितपत करायची, अशा पर्यायांची एकमेकांशी तुलना करावी लागेल. तडजोडीचा अभ्यास म्हणतात तो हाच. पंप वाढवले तर वीज आणि डिझेलचा खर्च कायमचा मागे लागतो, आणि ज्या रात्री पंप लागणार त्याच रात्री वीज जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. पाणी वरच मुरवले तर खर्च विखुरतो, पण शेकडो सोसायट्यांच्या सहकार्यावर विसंबावे लागते आणि भरतीच्या पातळीजवळच्या जमिनीत पाणी मुरायला मुळात जागाच कमी असते. मला स्वतःला वाटते की डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे रेल्वेमार्गाच्या पूर्वेला, पाणी अडवून उशिरा सोडण्याला या चर्चेत मिळते त्यापेक्षा जास्त महत्त्व मिळावे, कारण तलावाचा प्रश्न पाणी एकूण किती येते याइतकाच ते भरतीच्या त्या तीन तासांत किती येते याचा आहे.

यातले काहीही ठरवण्याआधी प्रत्येक तलावासाठी काही आकडे एका ठिकाणी हवेत: तळाची मूळ पातळी आणि आजची पातळी, आराखड्यात धरलेला ताशी पाऊस, वाहून येणाऱ्या पाण्याचे धरलेले प्रमाण आणि आजचे प्रमाण, आणि झडपा मिटलेल्या असण्याचा कमाल काळ. तळाची पातळी दर वर्षी मे महिन्यात मोजता येते. वाहून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण उपग्रहाच्या चित्रांवरून काढता येते आणि ते पाच वर्षांतून एकदा काढले तरी चालते. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणाच्या निर्णयाने बदलतो त्या खात्याचे नाव लिहायचे, आणि सोसायट्यांच्या बाबतीत बांधकाम परवानगी देणाऱ्या खात्याचे. हा तक्ता एका पानात मावतो. प्रभागातल्या ज्यांना यात रस असेल त्यांनी नालेसफाईच्या टक्केवारीऐवजी हा तक्ता मागावा, आणि त्यात तळाच्या आजच्या पातळीचा रकाना रिकामा असेल तर सुरुवात तिथूनच करावी.